सतरा नंबरच्या मापकाची चूक

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. माझ्या पिवळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत, पट्ट्याला दोन ठिकाणी टाके आहेत आणि तबकडीच्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे. मी एक किरणमापक आहे. जेवणाच्या डब्याएवढा माझा देह, वर धरायला मूठ, आणि बाजूला तारेने जोडलेली अंगठ्याएवढी जाड नळी. मातीतून, दगडातून, आभाळातून डोळ्यांना न दिसणारे कण सारखे येत असतात. त्यातला एखादा माझ्या नळीत शिरला की मी 'टिक' करतो आणि माझा काटा किंचित हलतो. मला येते ते एवढेच.

माझा जन्म एका लांबट खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. चष्मा कपाळावर सरकवलेल्या एका बाईंनी मला जोडले. नळीच्या तोंडावर अभ्रकाचा पडदा बसवताना त्या श्वास रोखून धरत, कारण तो कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो आणि फुंकरीनेही फाटतो. मग त्यांनी मला एका शिशाच्या पेटीसमोर ठेवले, झाकण उघडले, आणि आतल्या कण सोडणाऱ्या खड्याकडे पाहून मी किती टिकटिक करतो ते घड्याळ लावून मोजले. आकडा जुळल्यावर माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली. तीवर माझा नंबर होता, सतरा, आणि पुढच्या तपासणीची तारीख.

तिथून मी एका प्रयोगशाळेत आलो. तिचा खरा कारभार जमिनीखाली होता. शंभर मीटर खोल एक गोल बोगदा, आणि तो एवढा मोठा की वरच्या गावाची अर्धी शेते, शाळा आणि बाजाराचा रस्ता त्याच्या डोक्यावर येत. त्या बोगद्यात शास्त्रज्ञ अगदी बारीक कणांना प्रचंड वेग देत आणि समोरासमोर आदळवत. जगातली प्रत्येक वस्तू मुळात कशाची बनली आहे, हे त्यांना त्या टकरीतून पाहायचे होते.

मी खाली उतरण्याच्या दारापाशी एका खिळ्याला लटकत असे. माझी जबाबदारी जिच्यावर होती ती बाई त्याच गावची, एका सायकलवाल्याची मुलगी. कामगार बोगद्यात जाण्याआधी ती मला गळ्यात अडकवून पुढे जाई, भिंती, नळ, लोखंडी खांब यांच्याजवळ माझी नळी धरी, आकडा वहीत लिही आणि मगच मागच्यांना हात करी. वर्षानुवर्षे मी मोजले आणि वर्षानुवर्षे सांगण्यासारखे काही निघाले नाही. माझ्या धंद्यात यालाच यश म्हणतात, पण त्यासाठी कोणी पाठ थोपटत नाही.

मग बोगद्यातल्या यंत्राची ताकद वाढवायची ठरली. दोन वर्षे बोगदा बंद राहिला. तो पुन्हा सुरू होण्याला तीन महिने उरले असताना एका वर्तमानपत्राने पानभर चित्र छापले. वर हिरवे शेत, शेतात गोठा, गोठ्यात गाई, आणि त्यांच्या बरोबर खाली एक मोठे काळे भोक. या टकरीतून असे भोक तयार होईल आणि ते आधी गाव, मग देश, मग सगळी पृथ्वी गिळेल, असे खाली लिहिले होते. चित्रकाराने गोठा मनाने काढला नव्हता. तो गावातल्या दूधवाल्या काकूंचा होता. निळे पत्रे, पुढे पाण्याची टाकी, सगळे हुबेहूब.

पृथ्वीचे काय व्हायचे ते होवो, काकूंचे दुसऱ्याच दिवसापासून व्हायला लागले. गावात दुधाची बाटली पायरीवर सरळ ठेवली तर 'भरा' आणि उलटी ठेवली तर 'आज नको', अशी रीत होती. काकू साठ घरी दूध घालत. आठवड्याभरात एकोणपन्नास बाटल्या उलट्या झाल्या. कोणी तोंडावर काही बोलले नाही. तोंडावर बोलायचे नसते म्हणूनच तर बाटली असते.

भोकाला घाबरणारे एकाच घाटणीचे नव्हते. एक आजोबा छप्पर शाकारायचे टाळत होते. "जगच राहणार नसेल तर कौलं कशाला बदलू?" असे ते सुनेला ऐकवत. पण बहुतेकांची भीती खरी होती. बायका मुलांना शेताकडे जाऊ देईनात. एका गरोदर मुलीला तिच्या आईने दुसऱ्या गावी नेऊन ठेवले.

गावाने एक समिती केली. पुढारी होते टेलरमास्तर. बाजारात त्यांचे दुकान, गळ्यात कायम टेप. त्यांनी प्रयोगशाळेला पत्र लिहिले: घरोघर येऊन मोजा आणि आकडा कागदावर लिहून द्या. प्रयोगशाळेचे साहेब लगेच कबूल झाले.

माझ्या तपासणीची तारीख त्याच आठवड्यात येत होती. बाईने साहेबांना तशी आठवण केली.

"आधी गावाची फेरी होऊन जाऊ दे," साहेब म्हणाले. "तपासणीला यंत्र पाठवलं की महिना जातो. लोक पेटलेत. महिन्याचं काय मोठंसं?"

ती थोडी घुटमळली आणि हो म्हणाली. मी तिच्या गळ्यात होतो. मला त्या वेळी काही वाटले नाही. यंत्राला स्वतःचा बिघाड आतून कळत नाही.

आम्ही त्रेचाळीस घरे फिरलो. उरलेल्या काही घरांनी दार उघडले नाही. या फेरीतच बाईला 'टिकटिकताई' हे नाव पडले. लोकांनी मला पाण्याच्या पिंपाला लावून घेतले, अंथरुणाला लावून घेतले. एका आजींनी मला आपल्या गुडघ्याला लावायला सांगितले. ताईने लावले. "दुखतं ते यात दिसत नाही, आजी," ती म्हणाली. एका घरी जुन्या गजराच्या घड्याळापाशी मी एकदम कडकड करू लागलो. अंधारात चमकणाऱ्या त्या काट्यांच्या रंगातूनच कण येत होते. घरातले सगळे मागे सरले. चाळीस वर्षे ते घड्याळ त्यांच्या उशाशी होते, बोगद्याच्या कितीतरी आधीपासून.

भोकाबद्दल विचारले की ती मला बाहेर अंगणात आणून गप्प उभी राही. मी टिक... टिक करत असे. "यातले काही टिक आभाळातून आलेल्या कणांचे आहेत," ती सांगे. "आपल्या बोगद्यात होते त्याहून कितीतरी जोरात वर टक्कर होते. रोज. पृथ्वी जन्मली तेव्हापासून. भोक पडायचं असतं तर एव्हाना पडलं असतं. बोगद्यात नवीन काय, तर ती टक्कर आपल्याला जवळून बघता येते."

टेलरमास्तरांच्या दुकानात मात्र हे पुरले नाही. ते एका कोटाची बाही उसवत होते. हातातले काम न थांबवता त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"माझी बायको रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीतली," ते म्हणाले. "त्यांच्या विहिरीचं पाणी लाल यायला लागलं, तेव्हा असाच एक माणूस डबा घेऊन आला होता. काटा बघितला, सगळं ठीक आहे म्हणाला, सही करून गेला. पुढे बायको गेली. तिची बहीण गेली. मीही मापं घेणारा माणूस आहे, ताई. माझं माप चुकलं तर कोट परत येतो. तुमचं चुकलं तर कोण परत येणार?"

ताईने दुकानातला आकडा लिहून दिला. मिनिटाला पंधरा टिक.

सगळीकडे पंधरा-सोळाच भरले होते. काकूंच्या गोठ्यातही, गव्हाणीतही, दुधाच्या कॅनपाशीही. ताईच्या सहीचा कागद काकूंनी दुधाच्या गाडीच्या काचेवर आतून चिकटवला. हळूहळू बाटल्या सरळ होऊ लागल्या. एकोणीस झाल्या, मग सव्वीस.

मग मी तपासणीला गेलो. तीच लांबट खोली, पण टेबलावर आता दुसरेच कोणी होते. शिशाची पेटी उघडली, घड्याळ लावले आणि त्या माणसाने कपाळाला आठी घातली. पुन्हा मोजले. माझ्या आतला विजेचा दाब उतरला होता. शंभर कण यायचे तिथे मी बासष्ट-त्रेसष्टच मोजत होतो. कधीपासून, ते सांगता येत नव्हते.

मला दुरुस्त करून परत पाठवले. सोबतचा कागद ताईने उभ्याउभ्या वाचला आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "पंधराचे चोवीस होतील," ते म्हणाले. "चोवीस तरी कुठे जास्त आहेत? कुठल्याही गावात एवढे असतातच. धोका तेव्हाही नव्हता, आताही नाही. मग सांगून करायचं काय? आत्ता कुठे लोक शांत झालेत."

"कागदावर माझी सही आहे, साहेब."

"आकडा वाढलेला दिसला की त्यांना एवढंच कळेल की वाढला. काकूंचं काय होईल विचार केलात?"

तो केला होता म्हणूनच ती आधी काकूंकडे गेली. काकू गोठा धूत होत्या. सगळे ऐकून त्यांनी पाण्याचा पाइप खाली टाकला.

"माझ्या पोटावर पाय देऊन तुला काय मिळणार?" त्या म्हणाल्या. "कुणाला कळलंय का? नाही ना? मग?"

"काकू, मला कळलंय."

"तुला कळलंय ते तुझ्यापाशी ठेव."

पाइपातून पाणी वाहून गव्हाणीखाली साचत होते. ताईने नळ बंद केला. "उद्या गावाच्या सभेत सांगणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला तिथे पहिल्यांदा कळू नये म्हणून आले." काकूंनी पाठ फिरवली. ताई फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी गाडीच्या काचेवरचा कागद खरवडून काढायला सुरुवात केली होती.

सभा शाळेच्या दालनात होती. मला टेबलावर ठेवले होते. ताईने आढेवेढे घेतले नाहीत.

"महिन्यापूर्वी मी तुम्हाला दिलेले आकडे चुकीचे आहेत," ती म्हणाली. "हा मापक कमी दाखवत होता. याची तपासणी राहिली होती, ते मला माहीत होतं, तरी मी हा घेऊन तुमच्या घरी आले."

खुर्च्या करकरल्या. मागून कोणीतरी विचारले, "म्हणजे धोका आहे?"

"मला नाही वाटत. पण मला काय वाटतं ते सांगायला मी आलेली नाही. सगळ्यांकडे पुन्हा मोजायला यायचं आहे, तुम्ही येऊ दिलंत तर."

मग गलका झाला. कोणी म्हणाले, बघा, आम्ही सांगत नव्हतो का. कोणी म्हणाले, आता काय नवीन खोटे. काकू दुसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. टेलरमास्तर उठले तेव्हा आवाज खाली आला. सगळ्यांना वाटले, आता ते तिला फाडून खातील.

"ही चूक तुमची तुम्हालाच सापडली?" त्यांनी विचारले.

"तपासणीत सापडली."

"आमच्यापैकी कुणाला कळली असती?"

"नाही."

"म्हणजे न सांगता खपलं असतं."

"हो."

"मग सांगितलं का?"

"उद्या खरंच काही निघालं तर मलाच तुमच्या दारात यावं लागेल," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही माझं का ऐकाल?"

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून साहेब उभे राहिले. ते आलेत हे ताईलाही माहीत नव्हते. "तपासणी मी पुढे ढकलायला लावली होती," ते म्हणाले. "एकट्या त्यांना धरू नका." आणि ते पुन्हा बसले.

त्या दिवशी माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होते. पण निघताना मास्तर टेबलापाशी आले. त्यांनी मला उचलून पाहिले आणि माझ्या पाठीवरची नवी चिठ्ठी वाचली. "मी येतो बरोबर," ते म्हणाले. "दुसरा मापकही आणू, तुमच्या प्रयोगशाळेचा नको. शेजारच्या गावातल्या दवाखान्यात आहे."

अशी दुसरी फेरी सुरू झाली. दवाखान्याचा मापक ताईकडे, मी मास्तरांकडे. कापड धरावे तसे त्यांनी मला दोन बोटांनी अलगद धरले. दार उघडून आम्हाला पाहिले की लोक आधी मास्तरांच्या तोंडाकडे बघत. पाच घरांनी दारे लावून घेतली. बाकीच्यांकडे आम्ही मोजले. दोन्ही मापक चोवीस-पंचवीस सांगत.

"पंधराचे चोवीस झाले की," लोक म्हणत. साहेब म्हणाले होते अगदी तसेच. यंत्र तर अजून सुरूही झालेले नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

तोड काढली ती मास्तरांनी. "बोगदा नाही तिथेही मोजू," ते म्हणाले. "तिथे पंधरा भरले तर तुमचं खोटं. चोवीस भरले तर हे सगळीकडचंच आहे."

"कुठे जायचं?" ताईने विचारले.

"आहे एक जागा."

बसने दोन तास लागले. रंगाचा तो कारखाना बंद पडला होता, वस्तीत थोडी घरे उरली होती. विहिरीवर सिमेंटचे झाकण बसवले होते. मास्तरांनी मला त्या झाकणावर ठेवले, घड्याळ काढले आणि मोजायला लागले. पाच वेळा मोजले. चोवीस, पंचवीस, तेवीस, पंचवीस, चोवीस. त्यांनी आकडे बिलाच्या कागदामागे लिहिले. मग विचारले, "याला पाण्यातला रंग कळतो?"

"नाही," ताई म्हणाली. "त्याला पाणी बाटलीत भरून न्यावं लागतं. तपासणी निराळी."

"त्या माणसाने पाणी नेलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "डबाच फिरवला होता. असाच टिकटिक करणारा." ते झाकणाच्या कडेवर बसले. "म्हणजे त्याचा आकडा खराही असेल. त्याने मोजायचं तेच मोजलं नाही."

ताई त्यांच्या शेजारी बसली. परतीची बस येईपर्यंत दोघे तिथेच होते. मला बंद करायचे राहून गेले होते, म्हणून मी आपला टिकटिक करत राहिलो.

ते आकडे मास्तरांनी आपल्या हाताने गावच्या फलकावर लिहिले. इकडचे, तिकडचे, दोन्ही मापकांचे, आणि पहिल्या फेरीचे चुकीचेसुद्धा, वर एक रेघ मारून. ताईच्या सहीशेजारी त्यांनी आपली सही केली.

यंत्र सुरू झाले त्या दिवशी सकाळी बाजार अर्धा बंद होता. काही कुटुंबे पाहुण्यांकडे निघून गेली होती. आम्ही काकूंच्या गोठ्यात होतो. ताईने आणि मास्तरांनी दोन्ही मापक गव्हाणीच्या कठड्यावर ठेवले. काकू दूध काढत होत्या. सभेपासून त्या ताईशी बोलल्या नव्हत्या. दहा वाजून गेले. मी चोवीस मोजले. मग तेवीस. मग सव्वीस. मग पुन्हा चोवीस.

"व्हायचंय का सुरू?" काकूंनी गाईच्या पोटाआडून विचारले.

"होऊन वीस मिनिटं झाली," ताई म्हणाली.

काकूंनी बादली उचलून बाजूला ठेवली. "मग चहा टाकते," त्या म्हणाल्या. "तिघांचा."

पुढे काय झाले ते सांगतो. सगळ्या बाटल्या काही सरळ झाल्या नाहीत. चव्वेचाळीसवर गाडी थांबली, आणि त्यात एक मास्तरांची होती. काकूंना एक गाय विकावी लागली. ज्यांचे दार बंद होते त्यांतली तीन घरे अजूनही बंद आहेत. आजोबांनी छप्पर शाकारले, ते मात्र जगाखातर नव्हे. सुनेने जेवण बंद करीन म्हटले म्हणून. दर सहा महिन्यांनी मोजायची समितीची रीत पडली. पहिल्या वर्षी मागे पन्नास माणसे येत, मग दहा, मग मास्तर एकटे. भीती संपली की माणसे मोजायलाही विसरतात.

काही वर्षांनी प्रयोगशाळेत आकडे दाखवणारे नवे मापक आले. ते हलके आहेत, त्यांना काटा नाही. ताई निवृत्त झाली. मला समितीला देऊन टाकले, आणि समितीने शाळेच्या दालनातल्या कपाटात ठेवले. मी तिथेच आहे, तुटक्या माइकच्या आणि गुंडाळलेल्या फलकाच्या मध्ये. ठेवताना माझे सेल काढायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. ते आतल्या आत फुटले. त्यांच्या क्षाराने माझ्या आतल्या पितळी पट्ट्या खाल्ल्या. आता मला कोणी चालू केले तरी मी टिक करणार नाही.

म्हणून मित्रांनो, आधी साधी विनंती. खेळणे असो की यंत्र, बाजूला ठेवताना त्यातले सेल काढून ठेवा. एक मिनिट लागते. आणि थोडी मोठी विनंती अशी. एखाद्या गोष्टीची भीती वाटली तर लाजू नका, मोजायला सांगा. मोजणाऱ्याला विचारा की तुझे यंत्र शेवटचे कधी तपासले, आणि तू नेमके काय मोजतो आहेस. तो नीट उत्तर देईल तर त्याच्यासोबत चार घरे फिरा. तुमच्या हातातही एक मापक असू द्या.

आणि कधी कोणी तुमच्या दारात येऊन म्हणाले, "मागच्या वेळी माझं चुकलं होतं," तर तेवढ्यावरून दार लावून घेऊ नका. त्याला आत घ्या, बसायला खुर्ची द्या, आणि पुन्हा मोजू द्या.